एकोणिसाव्या मजल्यावरचं टिंग

रमाकांत धुरी कुणाच्याही घरी गेला की आधी टाळी वाजवतो. चपला काढल्या, पाण्याचा पेला रिकामा केला, की हा गृहस्थ खोलीच्या मधोमध उभा राहून एकच सणसणीत टाळी मारतो. मग मान तिरकी करून ती भिंतींवर आपटून कशी परत येते ते ऐकतो आणि यजमानांना निकाल देतो. "घुमतंय हो तुमचं घर," म्हणतो, नाहीतर "वा, कोरडी आहे खोली." माहीत नसलेल्यांना वाटतं आरती सुरू होतेय; एकदोघं भाबडेपणानं उठून उभेही राहिलेत. भोईवाड्यात तो एकांच्या दुखवट्याला गेला होता, तिथंही त्याचे हात उचलले गेले. सुचित्रानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते वरच्यावर धरले म्हणून धुरी घराण्याची अब्रू वाचली.

माणूस मुळात असा नव्हता. विमा कंपनीच्या कचेरीत त्यानं सगळी नोकरी इतक्या गुपचूप केली, की निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी चुकून शेजारच्या टेबलवाल्याचं कौतुक केलं आणि रमाकांतनं त्यालाही टाळ्या वाजवल्या. बिघडला तो घर बदलल्यावर. लालबागची त्यांची चाळ पाडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला आणि धुरी कुटुंब पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीतून थेट एकोणिसाव्या मजल्यावर गेलं. वारा भरपूर, उजेड भरपूर, लिफ्ट अधूनमधून बंद, चारचौघांसारखंच सगळं. फक्त आवाजाचं काहीतरी बिनसलं होतं, आणि ते कळलं एका कॅसेटमुळे.

रमाकांतचे वडील धोंडू धुरी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि सोमवारी संध्याकाळी चाळीत पखवाज वाजवायचे. गाववाल्यांचं भजनी मंडळ होतं, ते धुरींच्याच खोलीत बसायचं. बुवा पेटीवर, धोंडू पखवाजावर, बाकीचे टाळांवर आणि जागा न मिळालेले जिन्यावर. चहा आतून यायचा. एकदा आखातातून सुट्टीवर आलेल्या कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला, गाद्यांच्या वळकटीवर ठेवला आणि एक अख्खा सोमवार टेप केला. पुढे धोंडू गेले, पखवाज गावच्या देवळात गेला, गिरणीच्या जागी मॉल आला. कॅसेट तेवढी राहिली.

त्या कॅसेटमधला शेवटचा गजर फार मोठा. संपतोय संपतोय म्हणेपर्यंत पुन्हा उचल घेतो, पुन्हा चढतो. रमाकांत तो लोकांना ऐकवायचा आणि सांगायचा, "इथं बाबांची समाधी लागली होती. मी मांडीला मांडी लावून बसलो होतो, मला दिसत होतं ना!" ऐकणारे हात जोडायचे.

हात जोडले नाहीत ते एकट्या गंगुबाईनं. गंगुबाई म्हणजे रमाकांतची आई. ऐंशी केव्हाच ओलांडलेली, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून. उजवा कान कधीचाच गेलेला. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, "आहे तोवर आहे." बारीक आवाज तिला आताच ऐकू येईनासे झाले होते. दारावरची बेल नाही, कुकरची शिटी नाही, सुनेचं पुटपुटणं तर नाहीच नाही. ते शेवटचं सुचित्राच्या पथ्यावर पडलं होतं. रमाकांतच्या मनात आलं, हा कान आहे तोवर आईला बाबांचा पखवाज पोटभर ऐकवावा. त्यानं जुन्या टेपवर कॅसेट लावली. गंगुबाईनं डावा कान पुढं करून थोडा वेळ ऐकलं.

"ह्यो तुझो बापूस नाय," ती म्हणाली. "कोणतरी डबो बडयता."

बोलणारी बोलून गवार निवडायला लागली. लेकाच्या डोक्यात मात्र भुंगा शिरला. आईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, "होय, ह्योच तो" एवढं ऐकायचं, आणि तेही तिचा डावा कान शाबूत आहे तोवर. पुढचं सगळं रामायण एवढ्यासाठी झालं.

आता अशा वेळी माणसानं जाणकाराकडे जावं. रमाकांत भिवाकडे गेला. भिवा त्याचा चाळीतला दोस्त. मंडळाच्या मांडवात साउंड लावण्यात त्याची हयात गेलेली. भिवाचं संगीतशास्त्र एका वाक्याचं. "आवाज कानानं नाय ऐकायचा रे, छातीनं ऐकायचा. छाती हलली पायजे." त्यानं कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून दिली, दोन उंच स्पीकर आणले आणि त्यांच्याबरोबर दळणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी आणली. "हा सबवूफर. पखवाजाचा डावा हात ह्याच्यातनं येणार. ते दोन स्पीकर आपले टाळ वाजवायला."

"ठेवू कुठं?"

"कोपऱ्यात टाक. कोपऱ्यात फुकटचा बेस मिळतो."

धुरींच्या हॉलमध्ये मोकळा कोपरा एकच, देव्हाऱ्याखालचा. पेटी तिथं गेली. रमाकांतनं आईला समोरच्या खुर्चीत बसवलं, भिवानं बटण दाबलं आणि पहिल्याच थापेला देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण खरोखरच रांगायला लागला. गजर रंगात येईपर्यंत तो काठाशी पोचला होता. सुचित्रानं त्याला झेललं म्हणून बरं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काठीनं छत ठोकलं. भिवाला ते ठेक्यातच वाटलं आणि तो खूष झाला.

"देवसुद्धा पळतत तुझ्या आवाजाक भियान," गंगुबाई म्हणाली आणि उठून गेली.

पण त्याहून वाईट गोष्ट रमाकांतच्या लक्षात आली होती. आवाज मोठा होता, पण त्याला आकारच नव्हता. एक थाप संपायच्या आत दुसरी तिच्यावर येऊन पडत होती. बुवा पाण्याच्या टाकीत बसून गातायत असं वाटत होतं. आणि मग त्यानं हॉलमध्ये उभं राहून आयुष्यातली पहिली शास्त्रशुद्ध टाळी मारली. टाळी गेली, काचेवर आपटली, समोरच्या भिंतीवर आपटली, लाद्यांवरून उसळली आणि किरकिरत परत आली.

त्या क्षणी त्याला चाळीतली खोली आठवली. डोक्यावर लाकडी पाटण. आडव्या दोऱ्यांवर घरभराचे कपडे. एका भिंतीला गाद्यांची वळकटी, दुसरीला ट्रंका आणि त्यांच्यावर गोधड्या. मधल्या जागेत माणसंच माणसं. तिथं आवाज जिथं जाईल तिथं त्याला टेकायला काहीतरी मऊ मिळायचं. इथं आरशासारख्या लाद्या, भिंतभर काचा, गुळगुळीत छत. आवाजाला बसायला कुणी पाट दिला नाही, तर तो बिचारा भिंतीभिंतीवर डोकं आपटणारच! स्पीकर कितीही भारी आणा, अर्धा आवाज खोलीचा असतो. हे रमाकांतला कळलं त्या दिवसापासून घरातली शांतता संपली.

आधी माळ्यावरच्या गोधड्या भिंतींवर चढल्या. मग जाड पडदे, मग सतरंजी, मग सतरंजीवर आणखी एक सतरंजी. "अहो," सुचित्रा म्हणाली, "टॉवरमध्ये राहायला आलोय ना आपण? मग हॉलमध्ये वाळत काय घातलंय? कालच्या पाहुण्यांनी विचारलं, घरी लाँड्री काढलीत का म्हणून!" स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले गेले, त्यामुळे बेडरूममध्ये जायचं तर आडवं होऊन जावं लागे. त्यांची तोंडं गंगुबाईच्या खुर्चीकडे वळवली गेली. खुर्चीची जागा लादीवर चिकटपट्टी लावून पक्की झाली, कारण हॉलमधली सगळ्यात उत्तम ऐकण्याची जागा तीच, असं रमाकांतनं टाळ्या मारमारून सिद्ध केलं होतं. "आये, ताठ बस. मान हलवू नको." गंगुबाईला कळेना, आपला फोटो काढतायत की केस कापतायत.

सबवूफरही घरभर फिरला. टीव्हीखाली, खिडकीखाली, दारामागे. गंगुबाईचा त्या पेटीशी वेगळाच वाद होता. घरातली कुठलीही सपाट जागा रिकामी ठेवू नये हा तिचा धर्म. पेटी जिथं जाई तिथं तिच्यावर क्रोशाचा रुमाल आणि वर पाण्याचा तांब्या येऊन बसे. रमाकांतनं हात जोडले. "आये, ह्याच्यावर काही ठेवायचं नाही. तांब्या नाही, रुमाल नाही, हातसुद्धा नाही."

"कित्याक? देव आसा काय तो?"

"देवापेक्षा नाजूक आहे."

हळूहळू आवाज सुधारत होता, नाही असं नाही. बुवा टाकीतून बाहेर आले. टाळ सुटे सुटे झाले. आणि आवाज स्वच्छ झाल्यावर ते ऐकू यायला लागलं.

टिंग.

गजर संपला की बुवा दम घेत. त्या मोकळ्या जागेत पखवाजाच्या डाव्या तोंडावर दोन जाड थापा पडत, धुम्म, धुम्म, आणि त्यांच्या मागोमाग घरात कुठंतरी बारीक आवाज होई, टिंग. दर गजरानंतर, दर दोन थापांनंतर, न चुकता. रमाकांतला कारण चटकन उमगलं. त्या जाड थापांनी घरातलं काहीतरी थरथरतं आणि वाजतं. सबवूफरचा हा जुनाच उपद्रव. आता फक्त ते काहीतरी पकडायचं.

आधी संशय शोकेसच्या काचेवर गेला. काचेला पुठ्ठ्याच्या पाचरी मारल्या. टिंग. मग ट्यूबलाइटची पट्टी, पंख्याची वाटी, खिडकीची कडी. टिंग. मग सुचित्राच्या बांगड्या. भजन चालू असेपर्यंत त्या काढून ठेवायचा हुकूम झाला, त्यावर दोन दिवस घरात भाजी नुसती उकडलेली मिळाली. शेवटी मोर्चा स्वयंपाकघराकडे वळला. रमाकांतनं एकेका स्टीलच्या डब्याखाली नॅपकिन घातला, दोन डब्यांमध्ये फोम कोंबला, झाकणांना रबर लावले, वाट्या टॉवेलमध्ये गुंडाळल्या. "हळद काढायची तर आधी डब्याचं लुगडं सोडावं लागतंय," सुचित्रा म्हणाली. "आणि मी म्हणते, एकदा ते इयरफोन कानात घालून ऐका की! वाजतंय ते घरात आहे की आणखी कुठं, कळेल तरी."

"कानात बोळे घालून भजन ऐकू? आपण लालबागचे!"

त्या दिवशी त्यानं बायकोचं ऐकलं असतं तर ही गोष्ट तिथंच आटोपली असती. पण नवऱ्यांनी बायकोचं ऐकायचं ठरवलं, तर सांगणाऱ्यांनी सांगायचं तरी काय?

गंगुबाईला ते टिंग ऐकू येतच नव्हतं. ती खुर्चीत ताठ बसायची, गजर संपला की मुलाच्या तोंडाकडे बघायची. त्याचं तोंड उतरलेलं दिसलं की तिला वाईट वाटायचं. पण खोटं बोलणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं. "बरा वाजता," म्हणायची. "पण तेंचा नाय." आणि आताशा हे बोलताना तिचा आवाज जरा चढायला लागला होता. बहिऱ्या होत चाललेल्या माणसाचा चढतो तसा. रमाकांतला ते त्या टिंगपेक्षा जास्त खुपायचं.

मग एका रविवारी दुपारी भिवानं फोनवर शेवटचा उपाय सांगितला. सबवूफर कुठं ठेवायचा ते शोधायची उलटी युक्ती आहे म्हणे. पेटी आपल्या बसायच्या खुर्चीत ठेवायची, बेस चालू करायचा आणि आपण जमिनीशी कान नेऊन खोलीभर रांगायचं. जिथं थाप गुबगुबीत न होता स्वच्छ लागेल ती पेटीची जागा. "सगळे मोठे लोक रांगतात रे," भिवा म्हणाला.

रमाकांतनं गंगुबाईला खुर्चीतून उठवलं आणि तिच्या जागी पेटी मांडली. "बस, आता तोच बस थंयसर," म्हणत गंगुबाई स्वयंपाकघरात निघून गेली. तिथं तिचा पाट होता आणि टेकायला प्लायवूडची भिंत होती. ती भिंत तिच्याच हट्टाची. घर ताब्यात आलं तेव्हा स्वयंपाकघर हॉलला उघडं होतं. आल्यागेल्याला आपलं मीठमिरची दिसणार हे गंगुबाईला पटेना, म्हणून सुतार बोलावून चाळीतल्या खोलीसारखीच मध्ये फळी ठोकून घेतली होती.

इकडे रमाकांत बनियन आणि अर्ध्या चड्डीवर गुडघे टेकून रांगायला लागला. वाऱ्यासाठी दार सताड उघडं होतं. त्याच दारात यशोधन सबनीस येऊन उभे राहिले. सबनीस म्हणजे खालचे, काठीनं छत ठोकणारे. चांगल्या नोकरीतला, शुद्ध बोलणारा, सभ्य माणूस. हातात एक तडकलेला काचेचा पेला पुरावा म्हणून घेऊन भांडायला आला होता. त्यानं पाहिलं ते असं : चहूबाजूंनी गोधड्या टांगलेल्या, मधल्या खुर्चीत एक काळी पेटी विराजमान, तिच्यातून धुम्म धुम्म चाललंय आणि एक पोक्त गृहस्थ तिच्याभोवती गुडघ्यांवर प्रदक्षिणा घालतोय.

"क्षमा करा," सबनीस हळू आवाजात म्हणाले, "काही धार्मिक चालू असेल तर मी नंतर येतो."

"अहो या, या! बरे आलात," रमाकांत खालूनच म्हणाला. "तुमचे कान तरणे आहेत. तुम्ही त्या बाजूनं रांगा."

भांडायला आलेल्या माणसाला कुणी असं आपुलकीनं रांगायला बोलावलं तर तो काय करणार? सबनीसांनी पेला शोकेसवर ठेवला, पँट वर ओढली आणि गुडघे टेकले. दोन मिनिटांत तर त्यांना रसच आला. "धुरीसाहेब, इथं फार फुगतोय हो आवाज!" "तिथं कोपरा आहे, पुढं सरका!" सुचित्रा बेडरूममधून आडवी होऊन बाहेर आली, दोन सद्गृहस्थ पेटीभोवती रांगताना तिनं पाहिले आणि जाऊन तिनं बाहेरचं दार लावून घेतलं.

एकजण डावीकडून, एकजण उजवीकडून असे ते प्लायवूडच्या भिंतीपाशी डोक्याला डोकं लागून थांबले. "इथं," रमाकांत म्हणाला. "इथंच," सबनीस म्हणाले. दोघांनी मिळून पेटी उचलली आणि त्या फळीला लागून ठेवली. आत गंगुबाईला सुचित्रानं ओरडून सांगितलं की खालचे सबनीस आलेत. "पाव्हणो इलो? मगे चाय ठेवतंय," असं म्हणून ती उठली.

रमाकांतनं भजन सुरुवातीपासून लावलं. गोधड्या होत्या, सतरंज्या होत्या आणि पेटीला तिची जागा मिळाली होती. पखवाज उमटला. थाप पडत होती, गोल होत होती आणि जिथं संपायची तिथंच संपत होती. सबनीस खाली सतरंजीवरच मांडी घालून बसले आणि त्यांची मान आपोआप हलायला लागली. पहिला गजर चढला, उतरला, बुवांनी दम घेतला. धुम्म, धुम्म.

टिंग!

इतकं खणखणीत टिंग आजवर कधी झालं नव्हतं. आणि एक नाही, जोडीनं दोन झाली होती, एकावर एक चढलेली. "ऐकलंत? आता दोन झाली!" रमाकांत ओरडला. "आत आहे! भांडं आत आहे!" आणि चोराला मुद्देमालासह पकडायला तो स्वयंपाकघरात धावला. मागून सबनीस धावले.

आत भांडं होतंच. ओट्यावर चहाचं पातेलं उकळत होतं. त्याच्या काठावर सांडशी टेकलेली होती आणि सांडशी गंगुबाईच्या हातात होती. गंगुबाई फळीला पाठ लावून उभी होती. डोळे मिटलेले.

"चाय झाली म्हणान सांग तेंका," ती म्हणाली.

रमाकांत दारातच थिजला. पलीकडे दुसरा गजर सुरू झाला होता. फळी थापेथापेला हलत होती आणि फळीबरोबर गंगुबाईचे खांदे.

"आये," तो तिच्या डाव्या कानाशी जाऊन म्हणाला, "हा कोण वाजवतोय?"

"कोण म्हणजे? तुझो बापूस!" तिनं डोळे उघडले, वेड्यासारखं काय विचारतो असं त्याच्याकडे बघत. "आता बरो वाजयता. इतके दिवस खय होतो?"

ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते वाक्य असं सहज, चहा गाळता गाळता आलं.  रमाकांतनं विचारलं, की हॉलमध्ये, खुर्चीत, नेमक्या जागी बसवून ऐकवलं तेव्हा ओळखू का नाही आला?

"मी कधी भायर बसलंय, झिला? एवढ्या जणांची चाय कोण करतला? मी आपली फळयेआड. तेंची थाप माका पाठीत कळायची." पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीकसुद्धा तिनंच आतून मळून द्यायची, पण वाजताना तो पखवाज समोरून तिनं कधी पाहिला नव्हता. मंडळींसमोर नवऱ्यानं बायकोला हाक मारायची रीत नव्हती. म्हणून गजर संपला की धोंडू दोन जाड थापा द्यायचे. लोकांना वाटायचं, पखवाज लावून बघतायत. खरं म्हणजे ते आत विचारत असत, झाली का चाय? आणि गंगुबाई पातेल्यावर सांडशी वाजवून सांगायची, झाली.

हॉलमध्ये दुसरा गजर संपला. धुम्म, धुम्म. गंगुबाईची सांडशी आपोआप उठली. टिंग, आणि तिच्याबरोबर, फळीपलीकडून, त्याच क्षणी, टिंग.

रमाकांतनं नॅपकिनांत गुंडाळलेल्या डब्यांकडे पाहिलं. रबर लावलेल्या झाकणांकडे पाहिलं. इतके दिवस तो ज्या आवाजाच्या मागे हात धुऊन लागला होता, ज्याचा गळा दाबायला त्यानं घरातलं एकही फडकं शिल्लक ठेवलं नव्हतं, तो आवाज त्याच्या आईचा होता. तिला तो ऐकू येत नव्हता, आणि त्याला ऐकू येऊन कळत नव्हता. 

"आये, तू आहेस टेपमध्ये," तो म्हणाला.

"मी? मी खय गायलंय?"

"गायली नाहीस. वाजवलंस."

तिला ते सांडशी दाखवून, पातेल्यावर बोट वाजवून दोनदा समजवावं लागलं. समजलं तेव्हा गंगुबाई लाजली. ऐंशी ओलांडलेली बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि सुचित्राकडे बघेना. सबनीस चष्मा पुसत होते. त्यांच्या पेल्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही.

तोवर शेवटच्या गजराआधीच्या दोन थापा आल्या. गंगुबाईनं एकदा वाजवलं. टेपमध्ये मात्र दोनदा वाजलं, टिंग टिंग. रमाकांतला हेही पाठ होतं. दोन भांडी एकाच वेळी थरथरतात असा त्याचा सिद्धान्त होता.

"आये, इथं दोनदा वाजवलंयस तू. दोनदा म्हणजे?"

"दोनदा म्हणजे दूध संपला."

"मग?"

"मगे काय? दूध येयसर भजन लांबवचा."

पलीकडे तो प्रसिद्ध गजर सुरू झाला. संपतोय संपतोय म्हणेपर्यंत पुन्हा उचल घेणारा, पुन्हा चढणारा. बाबांची समाधी. रमाकांतनं तो डोळे मिटून किती जणांना ऐकवला होता!

"पण आये, मी तिथं होतो. बाबांच्या शेजारी. मला चांगलं आठवतंय."

"तू खय होतंस?" गंगुबाई म्हणाली. "तुकाच धाडल्लंय दूध आणूक. बरो येळ लावलंस."

सुचित्रा इतकी हसली की तिला ओट्याला धरावं लागलं. रमाकांतही हसायला लागला. बापानं आपल्यासाठी देवाला एवढा वेळ ताटकळत ठेवलं होतं हे मनात आलं आणि हसता हसता त्यानं बनियनच्या टोकानं डोळे टिपले.

चहा गाळून झाला. गंगुबाईनं पाहुण्याला दिला, सुनेला दिला, मुलाला दिला. आणखी एक पेला भरला आणि तो घेऊन ती हॉलमध्ये गेली. गजर रंगात आला होता. ती सबवूफरपाशी थांबली, काळ्या पेटीवरून एकदा हात फिरवला आणि पेला वर ठेवला. चहा थापेथापेला थरथरायला लागला.

सुचित्रानं श्वास रोखून नवऱ्याकडे पाहिलं.

"आये," रमाकांत म्हणाला, "खाली बशी तरी ठेव."

"तेंका बशी लागणा नाय," गंगुबाई म्हणाली आणि फळीला पाठ लावायला आत निघून गेली.